शेण काढणं हा खेळ नाही



टीव्हीवर नवा कार्यक्रम आला की आपण एकच विचारतो: पोराबाळांसंगं बसून बघण्यासारखा आहे का? म्हणजे कपडे नीट आहेत का, शिवीगाळ नाही ना? डिसेंबर २०२३ मध्ये झी मराठीवर 'जाऊ बाई गावात' सुरू झाला. शहरात लाडात वाढलेल्या मुली गावात राहायला येतात. चूल पेटवतात, गोठा झाडतात, शेतात उतरतात. एकेक जण बाहेर पडते, शेवटी एक जिंकते. सासू-सुनेची कारस्थानं नाहीत. मग सगळे म्हणाले, चांगला आहे, बघू द्या पोरांना.

आम्ही म्हणतो, पोरांना एकट्यानं बघू देऊ नका. का, ते ऐका.

आमच्या पाड्यावर एका घरात पोरं हा कार्यक्रम बघत बसली होती. पडद्यावर शेणाचं काम चाललेलं. मुलींची तोंडं वाकडी झाली की पोरं खदाखदा हसत. तेवढ्यात त्यांची आई गोठ्यातून आली. आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली थोरली म्हणाली, "आये, आधी हात धू, वास येतो." बाई काही बोलली नाही. पदराला हात पुसत मागल्या दारी गेली.

शिवी कुणी दिली नाही, कपडेही नीट होते. तरी त्या घरात आईची लाज काढली गेली. आता सांगा, कुटुंबानं बघण्यासारखा आहे का?

काही जण म्हणतील, "मुली शिकतात की, घाम गाळतात. शहरवाल्यांना आपले कष्ट कळतात." खरं आहे. त्या मुलींशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते कष्टाचा खेळ करण्याशी. चार दिवस गोठा झाडणारीला टाळ्या. जी जन्मभर झाडते, तिचं काम कुणी कामात धरत नाही.

आणि 'बाहेर पडणं' म्हणजे काय? खेळातली मुलगी बाहेर पडली की आपल्या घरी जाते. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढायचा हुकूम दिला होता. देशभर ओरड झाली, तेव्हा २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस आठवा. आपण बाहेर पडलो तर कुठल्या घरी जाणार होतो?

अशा कार्यक्रमात शेत दिसतं, पण शेत कुणाच्या नावावर आहे हे कुणी विचारत नाही. आपल्याला तेच विचारायचं आहे. पोरांना सांगा: तुझ्या आईनं राबासाठी शेण-पाला डोक्यावर वाहिला, उतारावर दगड रचून बांध घातला. तो बांध म्हणजे पुरावा आहे! २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत जमीन सपाट केल्याच्या, बांध घातल्याच्या खुणा पुरावा म्हणून धरल्या आहेत. म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही धरला आहे. कायद्याचं कलम ४(४) सांगतं, लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हायला हवा. ज्या हाताला वास येतो म्हणून पोरगी हसली, त्याच हातानं तिची जमीन राखली आहे.

ज्या पोराला आईच्या कामाची लाज वाटते, ते उद्या त्या जमिनीसाठी भांडणार नाही. साहेब येऊन म्हणेल, "इथं शेती कुठं होती?" आणि पोर मान खाली घालेल. आम्हाला भीती आहे ती याची.

म्हणून टीव्ही फोडू नका. बघा, पण आईला शेजारी बसवून बघा. तिला विचारा, "हे काम खरं कसं करतात?" आणि दुसऱ्या दिवशी पोरांना बांधावर न्या.

ग्रामसभेला बायांनी यायचंच. नियमानं निम्मी माणसं हजर लागतात, त्यात तिसरा हिस्सा बाया. आपल्या दाव्यावर बाईचं नाव आहे का, वाचून घ्या. नसेल तर त्याच सभेत विषय काढा.

जमीन कसणाऱ्यांची! कसणाऱ्या बाईची!