दोन वर्षे न खपलेला नांगर

आज 20 जून. 1869 मध्ये याच दिवशी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. आज त्यांच्या तसबिरीला हार पडेल, ‘मराठी माणसाने उद्योगात उतरले पाहिजे’ हे वाक्य दोन-चार व्यासपीठांवरून ऐकू येईल आणि उद्या ते विसरलेही जाईल. नेमके हेच दिवस निकालानंतरच्या धावपळीचे. दाखल्यांसाठी रांगा, प्रवेशाचे अर्ज, आणि ज्यांची पदवी हातात पडून दोन-तीन वर्षे उलटली त्यांच्या घरात ‘पुढे काय?’ हा जेवणाच्या ताटावरचा प्रश्न. त्यातला एखादा मुलगा धीर करून म्हणतो, ‘मला धंदा करायचाय.’ ‘कसला?’ असे विचारले की मात्र गप्प होतो.

त्या गप्प बसण्याची टिंगल करू नये. इच्छा आहे पण वाट दिसत नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर आपण शोधलेला उपाय मात्र खोटा आहे. तिकीट लावून होणारी प्रेरणेची व्याख्याने, शून्यातून कोटी कमावल्याच्या चित्रफिती, ‘मोठे स्वप्न पाहा’ असे सांगणारे फलक हे सारे उसने वारे आहे. सभागृहाच्या पायऱ्या उतरेपर्यंत ते ओसरते. उद्योजकाला आधी स्वप्न पडते आणि मग तो त्याच्यामागे धावत सुटतो, ही समजूत लक्ष्मणरावांच्या बाबतीत तरी टिकत नाही. त्यांना व्हायचे होते चित्रकार.

त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना पुरता कळत नाही, असे ध्यानात आले आणि रंगकाम सुटले. रेघ मात्र पक्की होती. म्हणून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मुंबईत सायकल नवलाईची होती, तेव्हा तिच्यात त्यांना धंदा दिसला. ते मुंबईहून सायकली धाडायचे आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे. नुसत्या विकायचे नाहीत, तर घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. या धंद्याची सुरुवात 1888 सालची. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला ती जागा दिली गेली आणि लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडले.

ही गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण तिच्यातला दुसरा धागा सहसा सुटतो. अपमानाने माणूस नोकरी सोडतो, त्याने कारखाना उभा राहत नाही. राजीनामा देण्याच्या कितीतरी आधीपासून बेळगावात दुकान चालू होते, गिऱ्हाईक कसे बोलते हे भावाला ठाऊक झाले होते. म्हणूनच तो राग त्यांना कामाकडे घेऊन गेला. नोकरी सोडून ‘उडी घ्या’ असे तरुणांना सांगणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

बेळगावात आल्यावर नजर गेली ती गोठ्याकडे. कडब्याची पेंढी तशीच टाकली की जनावर पाला ओढून खाते आणि धाटे पायाखाली तुडवते. बारीक केला तर तोच कडबा जास्त दिवस पुरतो. त्यातून कडबा कापायचे यंत्र आले. त्यानंतर लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण ती उलटत नाही. काळ्या रानात खोल नांगरट करायची तर जड लाकडी नांगराला बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. लोखंडी नांगराचा पंखा मातीची वडी उचलून पालथी घालतो, हरळी-कुंद्याच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. आज हे कोणीही सांगेल. तेव्हा शेतकऱ्याचे म्हणणे असे, की लोखंडाने जमिनीला विष चढते. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली.

या दोन वर्षांपाशी थांबावेसे वाटते. माल तयार आहे, तो चांगला आहे याची खात्री आहे आणि कोणी हात लावत नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाला अडाणी म्हणणे सर्वांत सोपे. पण शेतकऱ्याची शंकाही निव्वळ खुळी नव्हती. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने न पाहिलेल्या अवजारावर रान का पणाला लावावे? त्याला व्याख्यान नको होते. शेजारच्या बांधावर तो नांगर चाललेला आणि पुढच्या हंगामात तिथे पीक उभे राहिलेले त्याला पाहायचे होते. हे कळले की वाट सापडते. ती कारखान्याच्या कोपऱ्यात बसून सापडत नाही, गिऱ्हाइकाच्या ‘नाही’मध्ये असते. ते ‘नाही’ नीट ऐकून घेण्याची चिकाटी असेल, तर तिलाच प्रेरणा म्हणावे. बाकीचा उत्साह सणासुदीचा.

जम बसू लागला तोच बेळगावातली कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळ जागा देऊ केली. जागा म्हणजे निवडुंगाचे माळरान. साप भरपूर, पाणी कमी. 1910 मध्ये थोडी माणसे आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे राहायला गेले. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. 1920 मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले आणि पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून ते मराठी घराघरांत पोचले.

वाट हाताशीच असते, याचा दाखला पुरुषांच्या कारखान्यापुरता नाही. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या सात गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. आपल्याला काय येते, हा एकच प्रश्न त्यांनी विचारला होता. उत्तर पोळपाटावर होते. त्याचे ‘लिज्जत’ झाले, हे सर्वांना ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. रामूअण्णांनी दुकान सांभाळले नसते आणि पंतप्रतिनिधींनी विश्वास टाकला नसता, तर लक्ष्मणरावांची चिकाटी किती पुरली असती? गिरगावातल्या त्या सात जणींनाही 80 रुपये देणारे कोणी होतेच. उद्योजक एकट्याच्या बळावर उभा राहतो, ही आणखी एक लाडकी दंतकथा. आज संस्थानिक नाहीत. त्यांची जागा बँकेने, सरकारने आणि मोठ्या कारखान्यांनी घ्यायची आहे. योजनांना तोटा नाही, नोंदणीही घरबसल्या होते. पण चार कामगारांचे वर्कशॉप चालवणारा पोरगा बुडतो तो बहुधा योजना नसल्यामुळे नव्हे, केलेल्या कामाचे पैसे न आल्यामुळे. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे बिल फार तर 45 दिवसांत चुकते करावे, असे 2006 चा कायदा सांगतो. वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येणार नाही, अशी प्राप्तिकराची वेसणही आता घातली आहे. तरी ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर काही थांबत नाही. आज लक्ष्मणरावांना हार घालणाऱ्या मोठ्या उद्योगपतींनी कार्यालयात परत गेल्यावर आपल्या छोट्या पुरवठादारांची थकलेली बिले मागवून पाहावीत. जयंती साजरी करण्याची ती अधिक चांगली रीत होईल.

घरच्यांनाही काही सांगायचे आहे. परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नाला आपण जिद्द म्हणतो आणि दुकानाच्या दुसऱ्या वर्षातल्या तोट्याला उधळपट्टी. दोन्हीला एकच माप लावा. मुलाकडे चोख हिशेब मागा, मुदत ठरवा, पण पहिल्या सहा महिन्यांत ‘आधीच सांगत होतो’ म्हणू नका.

आणि ‘कसला धंदा?’ या प्रश्नाला गप्प बसणाऱ्या मुलाला, मुलीला एवढेच सांगणे: उत्तर आजच आले पाहिजे असे नाही. सध्या पेरणीचे दिवस आहेत. आठ दिवस कुठल्याही तालुक्याच्या बाजारात, कृषी सेवा केंद्राच्या फळीवर किंवा गॅरेजच्या दारात जाऊन बसा. लोक कशाबद्दल कुरकुरतात, एकच वस्तू पुन्हा पुन्हा दुरुस्तीला का येते, कुठे माल मिळत नाही म्हणून रिकाम्या हाताने परत जातात, हे वहीत लिहा. त्यातले एक काम निवडा, जे तुमच्या हातांना थोडेफार येते. ते एका गिऱ्हाइकासाठी करून पाहा. त्याने नाही म्हटले तर का, ते विचारा, आणि पुन्हा जा. किर्लोस्करांच्या नांगरालाही दोन वर्षे थांबावे लागले होते.