शाळा सुटल्यावर

गणपती होऊन गेल्यावर एका रात्री लालबागला मित्राकडे जाणं झालं. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, आठ-दहा मुलंमुली एकांकिकेची तालीम करत होती. जमिनीवर खडूने रंगमंचाची चौकट आखलेली. प्लॅस्टिकचं एक स्टूल घटकेत देव्हारा व्हायचं, घटकेत लोकलची सीट. लेखिका विशीतली, संहिता मोबाइलवर आणि मोबाइलची बॅटरी संपत आलेली. आजोबांचं काम करणारा मुलगा थेट ऑफिसातून आला होता, गळ्यातलं ओळखपत्र काढायचं विसरला होता. दहा वाजले तसा वॉचमन आला. "पोरांनो, आवरा आता. सोसायटीवाले मला बोलतात," म्हणाला. मुलांनी हुज्जत घातली नाही. सवयीने बॅगा उचलल्या आणि उरलेला प्रवेश फुटपाथवर उभ्या उभ्या करून पाहिला. प्रवेश भांडणाचा होता. शेजारच्यांची झोप मोडू नये म्हणून कुजबुजत केलेलं ते भांडण काही केल्या डोक्यातून जाईना. यंदाचं संपादकीय कशावर लिहायचं, हा प्रश्न तिथेच सुटला.

तरुण पोरं नाटकाकडे वळत नाहीत, ही आपली आवडती तक्रार. ती खरी नाही. इंडियन नॅशनल थिएटरच्या (आयएनटी) स्पर्धेपासून कितीतरी एकांकिका स्पर्धा दरवर्षी गजबजतात. गिरगावात जन्मलेल्या चतुरंग प्रतिष्ठानच्या 'सवाई' एकांकिका स्पर्धेत तर इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच उतरतात. 25 जानेवारीच्या रात्री सुरू झालेली ती चुरस प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालते आणि प्रेक्षक जागचा हलत नाही. म्हणजे टाळ्यांना तोटा नाही. तोटा आहे तो त्याआधीच्या दोन महिन्यांचा. करंडक एका रात्रीत मिळतो. तालमीला रोज संध्याकाळी चार भिंती लागतात.

त्या भिंती एकेकाळी दादरला होत्या. सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. आपल्या विद्यार्थ्यांसाठी नाटकं लिहून द्या, असं त्यांनी विजय तेंडुलकरांना सांगितलं. पुढे 1967 साली त्याच तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे त्यांनी उभी केली. ती बेणारेही शाळेतली बाईच! 1971 मध्ये सुलभाताई, अरविंद देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था स्थापन केली आणि 1974 पासून छबिलदासचा हॉल प्रायोगिक नाटकाचं घर झाला. खाली बटाटावड्याचा वास आणि स्टेशनची वर्दळ, वर नाटक. सतीश आळेकर, अच्युत वझे, अमोल पालेकर, सत्यदेव दुबे अशा कितीतरी जणांचं काम तिथे पाहायला मिळालं. मुलांसाठी 'चंद्रशाळा' निघाली आणि तिच्या 'दुर्गा झाली गौरी'त मुलांच्या किती तुकड्या नाचून गेल्या.

छबिलदासची थोरवी सांगताना आपण गाजलेली नाटकं मोजतो. मला वाटतं, तिथे पडलेली नाटकं मोजायला हवीत. स्पर्धेत फसलेली एकांकिका प्राथमिक फेरीतच संपते. छबिलदासमध्ये फसलेला माणूस पुन्हा जिना चढून नवं काही करून पाहू शकत होता. लेखक घडतो तो या दुसऱ्या खेपेला.

गिरगावचीही हीच गोष्ट. अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आलेल्या सुधा करमरकरांनी 1959 मध्ये गिरगावातल्या साहित्य संघाच्या आधाराने 'मधुमंजिरी' हे बालनाट्य उभं केलं. लेखक होता विशीतला रत्नाकर मतकरी. कुणीतरी त्या पोरावर भरवसा टाकला. मतकरींनी ते ऋण कसं फेडलं? उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. तिथे मुलं आपलीच नाटकं लिहितात आणि आपणच करतात.

परळ-लालबागला नाटकासाठी जागा करून देणं शिकवावं लागलं नव्हतं. पाळी संपवून आलेले गिरणी कामगार रात्री तालमीला बसत. गणेशोत्सवातला मंडप, कामगार कल्याण केंद्र, सोशल सर्व्हिस लीगचं दामोदर नाट्यगृह ही त्यांची विद्यापीठं. 1982 च्या संपाने गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी त्या घरांतली धग जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकातून 1997 मध्ये रंगमंचावर आली. आता चाळींची गॅलरी गेली, वाड्यांची अंगणं गेली. 1922 पासूनचं दामोदरही 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. टॉवरमध्ये जिम असतो, पोहण्याचा तलाव असतो. कम्युनिटी हॉलही असतो, पण त्याचं भाडं पाहिलं की वाढदिवसच परवडतो, तालीम नाही.

उपाय काही कोटींचा नाही. शाळा सुटल्यावर रिकामा पडलेला एक वर्ग, दोन पंखे, एक सतरंजी आणि दिवे बंद करून कुलूप लावण्याची जबाबदारी घेणारं एक मोठं माणूस, एवढ्यावर भागतं. वीजबिल कोण भरणार, काही मोडलं तर काय, हे प्रश्न खरे आहेत. ते छबिलदासलाही चुकले नाहीत. 'आविष्कार'ला एक दिवस तो हॉल सोडावा लागलाच. पण तिथून गेली कुठे? माहीमच्या महापालिका शाळेत. नाटकाला पुन्हा आसरा दिला तो शाळेनेच.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षातून एकदा पानांची एक खोली मिळत आली आहे. त्याच रिवाजाने या अंकात काही पानं अजून कुठेच छापून न आलेल्यांसाठी राखली आहेत. त्यांत कच्चं काही आढळलं, तर तो दोष आम्ही जाणून पत्करला आहे.

लालबागच्या त्या खडूच्या रेघा सकाळी गाड्यांच्या चाकांखाली पुसल्या गेल्या असणार. मुलं संध्याकाळी पुन्हा आखतील, दहाच्या आत भांडण उरकतील. वाचकहो, तुमच्यात कुणी मुख्याध्यापक असतील, कुणी ग्रंथालयाचे कार्यवाह, कुणी सोसायटीचे सेक्रेटरी. फराळाला बसण्याआधी एकदा घरातला किल्ल्यांचा जुडगा पाहा. ते भांडण मोठ्या आवाजात होऊ देणारी एखादी किल्ली त्यात असेल.



— संपादक