स्वयंपाकघराचा पडदा मुलांसोबत घरीच शिवा

सुट्टी लागली की पालक हमखास विचारतात, "सर, मुलांना घरी काय काम द्यायचं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा मुलांना सोबत घेऊन घरीच शिवा. शिलाई मशीन नसलं तरी अडत नाही. सुई, दोरा, कात्री, टेप, चार टाचण्या आणि दोन मीटर सुती कापड पुरेसं आहे.

तयार पडदे मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं तुम्ही म्हणाल. बाजारातले तयार पडदे साधारणपणे ५, ७ आणि ९ फुटांचे असतात. ओट्यावरची खिडकी त्यापेक्षा बरीच लहान. तिथे लांब पडदा लावला तर तो थेट गॅसवर येणार. शिवाय पुष्कळ तयार पडदे पॉलिस्टरचे असतात आणि ते कापड आचेने वितळून अंगाला चिकटतं. सुती कापडही पेट घेतंच, म्हणून पडदा आखूड आणि शेगडीपासून लांबच हवा.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. गणिताच्या पुस्तकात कापडाची उदाहरणं असतात. एका सदऱ्याला इतकं कापड, तर पाच सदऱ्यांना किती? तिथे सगळी मापं आधीच दिलेली असतात. पडदा शिवताना माप कुणी देत नाही. ते स्वतः घ्यावं लागतं आणि त्यात काय मिळवायचं हेही स्वतःच ठरवावं लागतं.

समजा, खिडकीची रुंदी ३६ इंच आणि पडद्याची उंची ३० इंच आहे. चुण्या पडाव्यात म्हणून रुंदी दीडपट धरली, म्हणजे ५४ इंच. पडद्याचे दोन भाग केले, तर एक भाग २७ इंचांचा. दोन्ही कडा दुमडायला २ इंच मिळवले की झाले २९. उंचीत वरच्या नेफ्यासाठी अडीच आणि खालच्या दुमडीसाठी अडीच इंच मिळवायचे, म्हणजे ३५. कापडाचा पन्हा ४४ इंच असेल तर दोन्ही तुकडे एकाखाली एक निघतात आणि ७० इंच कापड लागतं. सुती कापड आटतं, म्हणून २ मीटर, म्हणजे सुमारे ७८ इंच घ्या. रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा. कापताना एक आडवा धागा ओढून काढा, त्या रेषेवर कात्री सरळ चालते. बाजूला १५ इंचांची पट्टी उरते, तिच्यात पोळ्यांच्या डब्यातली फडकी होतात. दुमडीला आधी धावदोरा घालायचा, मग तुरपाई.

माझा पहिला पडदा चुकला होता. दुमडीचे पाच इंच मी धरलेच नव्हते. ३० इंचांचा पडदा २५ चा झाला. रोज सकाळी चहा करताना खालची ती फट दिसायची. वहीतली चूक लाल शाईची खूण केली की आपण विसरून जातो. ही चूक महिनाभर डोळ्यांसमोर होती, म्हणून पुन्हा झाली नाही.

हे वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, हे तर बायकांचं काम!" मी विचारलं, "तुझा गणवेश कुणी शिवला?" "शिंपीकाकांनी." मग तोच हसला. अहो, आपले संत नामदेव शिंप्याच्या घरातले. तरीही घरी फुकट करायचं असेल तर शिवण बायकांची आणि दुकानात पैसे मिळत असतील तर पुरुषांची, हे मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात. म्हणून पडदा मुलीसोबत शिवा, तसाच मुलासोबतही शिवा. आईसोबत बाबांनीही बसावं.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. तोच पुढे 'नई तालीम' म्हणून ओळखला गेला. आपल्याकडे कार्यानुभवाचा तास आहे, पण परीक्षा जवळ आली की पहिल्यांदा तोच तास जातो. शिक्षक मित्रांनो, मीही तो तास गणितासाठी घेतलेला आहे. आज वाटतं, ते चुकलं. कार्यानुभव न सोडताही त्या तासात गणित शिकवता आलं असतं, आणि ते मुलांच्या जास्त लक्षात राहिलं असतं.

तेव्हा पालकहो, या सुट्टीत करून पाहा. लहान मुलांच्या हाती कात्री देऊ नका, पण टेप जरूर द्या. चुकीचं माप सांगितलं तर लगेच दुरुस्त करू नका, "पुन्हा मोज बरं" एवढंच म्हणा. तुरपाई वाकडी आली तरी उसवू नका. फोडणीचा हळदीचा डाग पडला तर पडदा धुऊन उन्हात घाला, डाग फिका होतो. सगळी मापं मुलांना वहीत लिहायला सांगा आणि शाळा उघडली की ती वही वर्गशिक्षकांना दाखवा.