पाइपात वायरी किती?

तारतंत्री परवान्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींनो, एका गणिताकडे नीट लक्ष द्या, ही कळकळीची विनंती. अमुक पाइपात अमुक जाडीच्या किती वायरी घालाल, एवढाच तो प्रश्न. थोड्या गुणांसाठी कशाला डोकं शिणवायचं, असं वाटेल. पण मुंबईत गिरगाव-परळच्या चाळींत खोल्याखोल्यांतून एसी आणि गिझर आले, आणि पाइप मात्र दिवा-पंख्याच्या काळचेच राहिले. तिथे हे गणित चुकलं की झळ बसते ती त्या खोलीत झोपणाऱ्यांना.

आधी दोन आकड्यांची गफलत टाळा. १.५ चौरस मिमीची वायर म्हणतो तेव्हा तो आकडा नुसत्या तांब्याचा असतो. पाइपात शिरते ती आवरणासकट वायर. तिचा व्यास साधारण ३ मिमी भरतो, म्हणजे क्षेत्रफळ ७ चौरस मिमीच्या वर, तांब्याच्या साडेचार पटींहून जास्त. पाइपाचंही तसंच. २० मिमी हा त्याचा बाहेरचा व्यास. आतून तो १७ मिमीच्या आसपास असतो, भिंत जाड असेल तर आणखी कमी. हे दोन्ही विसरून २० मिमीच्या वर्तुळाला दीडने भागणाऱ्याच्या उत्तरात दोनशेच्या वर वायरी येतात!

आता बरोबर करून पाहू. १७ मिमी व्यासाचं क्षेत्रफळ सुमारे २२७ चौरस मिमी. तीन किंवा जास्त वायरी असतील तर त्यातला ४० टक्केच भाग भरायचा, हा अमेरिकी कोडचा नियम इंटरनेटवरच्या व्हिडिओंमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. ४० टक्के म्हणजे ९१. भागिले ७.०७, उत्तर १२ वायरी. अपूर्णांक उरला तर तो सोडायचा, वरचा आकडा कधीच घ्यायचा नाही.

पण इथेच थांबू नका. आपल्याकडे आयएस ७३२ हे भारतीय मानक चालतं आणि त्या पद्धतीच्या तक्त्यात २० मिमी पाइपासमोर १.५ च्या वायरी ७ च आहेत. त्याही दोन बॉक्समधलं अंतर सव्वाचार मीटरच्या आत असेल आणि पाइप १५ अंशांहून जास्त वळत नसेल तरच. वळला की ५. प्रश्नात वळणाचा उल्लेख असेल तर तो उगाच दिलेला नसतो. तक्ता विचारलाय की टक्केवारी, हे वाचूनच पेन उचला.

१२ मावत असताना ५ च का? एक कारण ओढाताणीचं. काटकोनी वळणावर वायर आतल्या कडेला घासते, जोर लावला की आवरण सोलवटतं, आणि ते भिंतीत कुणाला दिसत नाही. वायर अडली तर शंखजिऱ्याची पूड लावा. तेल नको, त्याने पीव्हीसी खराब होतं. दुसरं कारण उष्णतेचं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. एका पाइपात दोन भारलेली सर्किटं असतील तर प्रत्येक वायरीची क्षमता ०.८ ने गुणायची, तीन असतील तर ०.७ ने. म्हणजे एकटी असताना २० अँपिअर वाहणारी वायर जोडीला दुसरं सर्किट आलं की १६ वर थांबवायची. जागा आहे म्हणून दिव्याच्या पाइपातूनच एसीची वायर ओढणारा नेमकं हेच विसरतो.

चाळीत मीटर जिन्याखाली आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. वाटेत पाइप कितीदा वळतो ते जिना चढताना मोजा आणि दर दोन वळणांमागे एक बॉक्स मागा. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. तिथे पाइप स्लॅबमध्येच गाडले जातात. काँक्रीट पडल्यावर २० चा पाइप २५ चा होत नाही. २५ मध्ये १.५ च्या सरळ १२ आणि वळणावर १० वायरी जातात, आणि पाइपाच्या किमतीतला फरक लोहार चाळीच्या बाजारात विचारून बघा, घराच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

रहिवाशांनाही एक सांगणं आहे. मीटरपर्यंतची जबाबदारी बेस्टची, पुढची तुमची. काम द्याल त्याचा परवाना बघा. एसीला मीटरपासून वेगळा पाइप मागा. वायरी ओढून झाल्या की ५०० व्होल्टच्या मेगरने तुमच्यासमोर वायरींच्या आवरणाची तपासणी करायला लावा. रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं तर वायरी पुन्हा बाहेर काढून बघायला सांगा, आणि ते रीडिंग तारखेसह बिलावर लिहून घेतल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.