पहिला पगार आणि आवडते पुस्तक

आमच्या वर्गातील घरांमध्ये मुलांस दोन प्रकारच्या आठवणी सांगण्याचा प्रघात आहे. लहानपणी आपण कोणकोणती पुस्तके वाचली हे वडील माणसे मोठ्या हौसेने सांगतात. आणि वाडवडिलांनी किती हालांत विद्या संपादिली हेही अभिमानाने सांगतात. या दोहोंच्या मधला एक काळ मात्र सहसा कोणी उघडून दाखवीत नाही. शिक्षण संपले आहे, मनाजोगी जागा मिळालेली नाही, आणि पडेल ते काम पत्करून चार पैसे मिळवावे लागत आहेत, असा तो काळ होय. त्या पहिल्या नोकरीविषयी मुलांनी विचारले असता बहुतेक घरांत विषय बदलतो. मुलांपासून जे जे मोलाचे आपण दडवून ठेवितो, त्यांत या आठवणींचा क्रम फार वरचा आहे असे आम्हांस वाटते.

गेल्या महिन्यात ठाण्याहून एका भगिनीने पत्र लिहून आम्हांस दोन गोष्टी विचारल्या. तिचा मुलगा अठरा वर्षांचा असून बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला आहे. कॉलेज सुरू होईपर्यंत एका पुस्तकांच्या दुकानात गिऱ्हाइकांस पुस्तके काढून देण्याचे काम तो पत्करू इच्छितो. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, आपल्या घराण्यात आजवर कोणी दुकानात गिऱ्हाइकांपुढे उभे राहिलेले नाही. दुसरी तक्रार धाकट्या मुलीची. तिच्याकरिता गोष्टींची निवडक पुस्तके आणून ठेविली आहेत. त्यांस ती हात लावीत नाही, आणि जपानी चित्रपट मात्र तासन् तास पाहते. भगिनीने हे दोन प्रश्न निरनिराळे मानले आहेत. आमच्या मते ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. ते कसे, हे सांगण्यास थोडे मागे जावे लागेल.

ज्या घराण्याच्या नावाची ही चिंता चालली आहे, अशा घराण्यांच्या जुन्या फडताळात निर्णयसागर छापखान्याचा एखादा संस्कृत ग्रंथ असण्याचा संभव फार मोठा. हा छापखाना जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईस काढिला. शुद्ध आणि सुबक छपाईबद्दल त्याची कीर्ती परदेशांतील संस्कृत पंडितांपर्यंत पोहोचली होती. परंतु या जावजींची पहिली नोकरी कोणती होती? १८३९ साली गरीब घरात जन्मलेला हा मुलगा लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागला, आणि त्याचा पगार दरमहा दोन रुपये होता. ओतलेल्या खिळ्याच्या कडा घासून गुळगुळीत करावयाच्या, एवढेच ते काम. ते करता करता अक्षराचे वळण त्याच्या डोळ्यांत आणि बोटांत भिनले. पुढे १८६४ साली त्याने स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढिला, आणि राणोजी रावजी आरू या कसबी मित्राच्या साहाय्याने देवनागरी अक्षरास नवे सौंदर्य आणिले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. याच जावजींच्या छापखान्यातून १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांच्या संपादकत्वाखाली 'बालबोध' हे मुलांचे मासिक निघू लागले. स्वतः ज्यास बालपणी पुस्तक हाती धरण्याऐवजी खिळे घासावे लागले, त्याच्या छापखान्याने इतरांच्या मुलांस दरमहा वाचावयास दिले. लहान वयात मुलाने मजुरी करावी असे आम्ही सुचवीत आहो, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. ते त्या काळचे दारिद्र्य होते, आणि त्याचे गोडवे गाण्यासारखे त्यात काही नाही. आज चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि तेच योग्य आहे. सांगावयाचे ते इतकेच की, आमच्या घरातील विद्येची साधने ज्या हातांनी घडविली, ते हात पहिल्या नोकरीत काळे झालेले होते.

मुलांच्या खेळांचा आणि नाटकांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली दाखविला. आणि १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहान कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाचे काम केले. त्यापूर्वी फाळक्यांनी गोध्र्यास छायाचित्रे काढण्याचा धंदा केला होता, आणि पुराणवस्तुखात्यात नकाशे व चित्रे काढण्याची नोकरीही केली होती. रत्नाकर मतकरी यांनी १९५८ पासून १९७८ पर्यंत वीस वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केली. 'अलबत्त्या गलबत्त्या'तील चेटकीण पाहून ज्या मुलांनी आईचा पदर घट्ट धरिला, त्यांस ही चेटकीण एका बँकेतील नोकरदाराने निर्माण केली आहे याची कल्पनाही नसेल. दिवसभर खातेवह्या सांभाळाव्या आणि संध्याकाळी मुलांचे नाटक बसवावे, असा त्यांचा क्रम होता. नोकरी आणि स्वप्न यांचे वैर असते असे आपण उगाच धरून चालतो.

आता थोडे आमच्याविषयी. आम्ही १९७२ साली बी. ए. झालो. ते दुष्काळाचे वर्ष होते, आणि कचेऱ्यांतून जागा निघत नव्हत्या. पुढील वर्षी पुण्यातील एका लहानशा छापखान्यात दरमहा नव्वद रुपयांवर आम्हांस काम मिळाले. मुद्रिते तपासणारे वृद्ध गृहस्थ समोर बसत, आणि आम्ही शेजारी बसून मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचावयाचे, तेही विरामचिन्हांसकट. त्या वेळी तेथे मुलांच्या गोष्टींचे एक पुस्तक जुळविले जात होते. त्यामुळे "राजा म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू अरे राक्षसा उद्गारचिन्ह अवतरण बंद" असे आम्ही दिवसभर गंभीरपणे म्हणत असू. पगार एकरकमी कधीच हाती आला नाही. मालक तो तुकड्यातुकड्यांनी देत. परंतु तेथील एका कंपोझिटरास आम्ही अद्याप विसरलो नाही. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले होते. उलट्या अक्षरांची ओळ ते आमच्याहून जलद वाचीत. आणि छपाईत वाया गेलेले कागद पानांच्या अनुक्रमाने लावून, शिवून, आपल्या मुलीकरिता घरी नेत. त्या मुलीजवळ छापखान्यातील प्रत्येक गोष्टीचे पुस्तक होते, आणि त्यांतील एकही विकत घेतलेले नव्हते.

आमचे वडील मात्र शेजाऱ्यांस सांगत की, "चिरंजीव प्रकाशनसंस्थेच्या संपादनखात्यात आहेत." ते शब्द दारातून कानी पडत, आणि त्या दिवशी आम्हांस जेवण गोड लागत नसे. दीड वर्ष आम्ही तेथे काम केले. त्या अवधीत वडील एकदाही छापखान्याकडे फिरकले नाहीत. पुढे आम्हांस सरकारी नोकरी लागली आणि तो विषय घरातून नाहीसा झाला.

वडील १९८४ साली वारले. तेराव्या दिवशी आमच्या आत्याबाईंनी सहज बोलता बोलता सांगितले की, १९३६ साली मॅट्रिकच्या अभ्यासाकरिता दादा पुण्यास राहिले, तेव्हा ते सहा महिने एका खाणावळीत वाढपी होते. पहाटे वर्तमानपत्रे घरोघरी टाकीत, आणि दोन्ही वेळा पंक्ती वाढून मग स्वतः जेवीत. आम्ही थक्क झालो. त्याच पुण्यात आपण वार लावून जेवलो, ही हकीकत वडिलांनी आम्हांस शंभर वेळा सांगितली होती. सोमवारी कोणाकडे आणि गुरुवारी कोणाकडे, हेही आम्हांस पाठ होते. खाणावळीचे नाव मात्र त्यांच्या तोंडून कधीच निघाले नाही. मागून खाल्लेले अभिमानाने सांगावे आणि कमावून खाल्लेले लपवावे, ही आमच्या समाजाची कोणती रीत? एकोणीसशे त्र्याहत्तर साली त्यांनी तेवढे एक वाक्य आम्हांस सांगितले असते, तर आमची मान त्या दीड वर्षात ताठ राहिली असती. शिवाय, आपला मुलगा आपल्यासारखाच आहे हे त्यांसही सुख झाले असते. त्यांच्या मौनाने दोघांचेही नुकसान झाले, आणि ते भरून निघण्याची वेळ टळून गेली.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' अनेक पिढ्या का वाचीत आल्या, याचे कारण आम्हांस येथेच सापडते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात लेखकाने आपल्या घरची गरिबी कोठेही झाकलेली नाही. कर्ज, अपमान, उसनवारी, सर्व काही मुलांपुढे मांडिले आहे. आणि त्यामुळे आईची थोरवी तिळमात्र उणी झाली नाही, उलट ती वाढली. मुले वडीलधाऱ्यांच्या वैभवावर प्रेम करीत नाहीत. त्यांच्या खरेपणावर करतात.

आता भगिनीच्या दुसऱ्या तक्रारीकडे वळू. आमची नात दहा वर्षांची आहे. आम्ही तिजबरोबर एक करार केला आहे: एका संध्याकाळी आमच्या आवडीचे पुस्तक, दुसऱ्या संध्याकाळी तिच्या आवडीचा चित्रपट. आमच्या वाट्यास भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आला, आणि तिच्याकडून आम्हांस हायाओ मियाझाकी यांचा 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' हा १९८९ सालचा जपानी चित्रपट पाहावा लागला. एइको कादोनो या लेखिकेच्या १९८५ सालच्या पुस्तकावरून तो काढिलेला आहे. करार म्हणून पाहावयास बसलो, आणि थोड्याच वेळात सावरून बसलो. कारण ही तेरा वर्षांच्या चेटकिणीची गोष्ट असली तरी तिचा खरा विषय पहिली नोकरी हाच आहे. घर सोडून परक्या गावी आलेली मुलगी एका पावाच्या दुकानाच्या आश्रयाने राहते, आणि केरसुणीवर बसून लोकांचे सामान पोहोचविते. एका वृद्ध आजीबाईंनी नातीकरिता मोठ्या मायेने पक्वान्न भाजलेले असते. ते भर पावसात, ओलीचिंब होऊन, ती पोहोचविते; आणि ती नात दारातच नाक मुरडते. किकी काही बोलत नाही. घरी जाऊन तापाने आजारी पडते.

या ठिकाणी आमच्या नातीने एकाएकी विचारले, "आजोबा, तुमची पहिली नोकरी कोणती होती?" आम्ही छापखान्याची सर्व हकीकत तीस सांगितली, तुकड्यांनी मिळणारा पगार आणि आमच्या वडिलांची खाणावळही सांगितली. तीस कशाचेही वाईट वाटलेले दिसले नाही. तिने फास्टर फेणे पुढे आणून ठेविला आणि स्वल्पविरामांसकट वाचून दाखविण्याचा हुकूम सोडिला. स्वतः मुद्रिते तपासणारी झाली, आणि एक उद्गारचिन्ह गाळल्याबद्दल आमचा पगार कापण्याची धमकी दिली. त्या दिवसापासून ते पुस्तक तिचे झाले. मियाझाकीही १९६३ साली तोएई या संस्थेत लागले ते दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढण्याच्या दुय्यम कामावर, हे आम्ही तीस सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सगळे तसेच सुरू करतात!"

म्हणून भगिनीस आमचे सांगणे असे. मुलास दुकानात खुशाल जाऊ द्यावे. त्याचा पगार ठरला आहे ना, कामाचे तास ठीक आहेत ना, एवढे अवश्य पाहावे. घराण्याचे नाव दुकानाच्या वाऱ्याने मळत नाही. त्याने पहिला पगार आणिला म्हणजे घरातील वडील पुरुषांस जवळ बसवून त्यांच्या पहिल्या कमाईविषयी विचारावे. आरंभी विषय बदलेल; पुन्हा विचारावे. फार करून कोणाच्या तरी भूतकाळात एखादी खाणावळ, एखादे दुकान, एखादी शिकवणी निघेलच. मुलीच्या बाबतीत, आपली पुस्तके तिच्यापुढे टाकून निघून जाऊ नये. तिचा चित्रपट तिच्या शेजारी बसून शेवटपर्यंत पाहावा, मध्येच उपदेश करू नये, आणि तिच्या प्रश्नांस खरी उत्तरे द्यावी. जो आपली गोष्ट ऐकतो त्याचीच गोष्ट मूल ऐकते. महाराष्ट्र राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ साली सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आज इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात. ज्यांच्या घरी आपली बालपणीची पुस्तके उरली नसतील, त्यांनी तेथून आरंभ करावा, आणि तो अंक आपण ज्या वयात, ज्या परिस्थितीत वाचला, तेही सांगावे.

आपल्या पश्चात मुलांच्या हाती घर, दागिने, पुस्तके जातील. त्यांची वाटणी कायद्याने होईल. पहिल्या पगाराची हकीकत मात्र आपण जिवंतपणी सांगितली तरच त्यांस मिळते. ती तेराव्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून त्यांच्या कानी पडू नये, इतकीच आमची विनंती आहे.