समतोल म्हणजे निम्मे-निम्मे नव्हे

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या १४१व्या अधिवेशनाने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळांना मान्यता दिली. आपल्याकडे गाजावाजा झाला तो क्रिकेटच्या पुनरागमनाचा. त्याच यादीत फ्लॅग फुटबॉल हा खेळ होता, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अमेरिकन फुटबॉलचे हे धक्काबुक्कीविरहित, सुटसुटीत रूप. आता अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद मिळाले आहे आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी गुजरातची धडपड सुरू आहे. त्यामुळे अशा अपरिचित खेळांचा विचार तिथल्या आणि आपल्याकडच्याही महाविद्यालयांना आज ना उद्या करावाच लागेल.

या खेळाचा विचार सुरतेपासून सुरू करण्यास कारण आहे. सुरत, नवसारी, बारडोली या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांचे नातेवाईक अमेरिकेत मोटेल आणि हॉटेल व्यवसायात स्थिरावले आहेत. अमेरिकेतील सुमारे ६० टक्के हॉटेले आपल्या सदस्यांच्या मालकीची असल्याचे तेथील आशियाई-अमेरिकी हॉटेलमालकांची संघटना सांगते, आणि त्यांत गुजराती आडनावांचा भरणा मोठा आहे. विद्यापीठाच्या गावात हॉटेल चालवणाऱ्याला फुटबॉलचा शनिवार म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. खोल्या भरतात, दर चढतात, आणि घरातली पुढची पिढी त्या खेळाचे शब्द बोलू लागते. दुसरीकडे, याच सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत खान्देशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. महापालिका त्यांच्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. खान्देशाच्या मातीतून आलेल्या या वस्त्यांना कबड्डी परकी नाही. अमेरिकेतील खेळाचे ज्ञान आणि मैदानातील चपळाई या दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या आवाक्यात आहेत. त्यांचा मेळ घालायचा तर या खेळातील सर्वांत जुना वाद आधी समजून घ्यावा लागतो: चेंडू घेऊन धावायचे, की तो पुढे फेकायचा?

खेळाचा गाभा सोपा आहे. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरहून थोडे अधिक, पुढे सरकायचे असते. ते साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू हाती घेऊन खेळ चालवणारा क्वार्टरबॅक एक तर तो धावपटूच्या हाती देतो किंवा पुढे पळणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकतो. धावेत अंतर थोडे मिळते, पण धोका कमी आणि घड्याळ चालू राहते. पासमध्ये एका फटक्यात तीस-चाळीस यार्ड मिळू शकतात, पण चेंडू जमिनीवर पडला तर प्रयत्न वाया जातो आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागला तर सारेच हातचे जाते. जुन्या वळणाच्या प्रशिक्षकांचा धावेवर भरवसा होता तो या हिशेबामुळे.

पास हा मुळात खेळाडूंचे प्राण वाचवण्यासाठी आलेला उपाय आहे, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. १९०५ च्या हंगामात केवळ धावेवर चालणाऱ्या या खेळात खेळाडूंचे थवेच्या थवे एकमेकांवर आदळत. त्या एका हंगामात डझनाहून अधिक तरुण दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले आणि पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, चेंडू पुढे फेकण्यास नियमाने परवानगी मिळाली. मैदान मोकळे झाले, गर्दी पांगली. १९१३ मध्ये नोत्र दाम या तोवर फारशा नावाजलेल्या नसलेल्या विद्यापीठाने बलाढ्य आर्मी संघाला ३५-१३ असे हरवले, ते पासच्या जोरावर. दुबळ्याने बलवानाला हरवण्याचे हत्यार म्हणून पासची ओळख देशभर पसरली ती तिथून.

शंभराहून अधिक वर्षांनी हा वाद कुठे येऊन ठेपला, हे पाहायला ओहायो स्टेट विद्यापीठाचा २०२४ चा हंगाम पुरेसा आहे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी स्वतःच्या मैदानावर हा संघ परंपरागत प्रतिस्पर्धी मिशिगनकडून १३-१० असा हरला. ओहायो स्टेटकडे जेरेमाया स्मिथसारखा पास झेलणारा असामान्य खेळाडू होता. तरीही संघ पुन्हा पुन्हा मधल्या फळीतून धावण्याचा हट्ट धरून बसला. समोर मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन अवजड बचावपटू होते. पुढे दोघांचीही व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्याच फेरीत वर्णी लागली. भिंत जिथे सर्वांत जाड होती, तिथेच ओहायो स्टेटने डोके आपटले. २६ धावांत मिळाले ते जेमतेम ७७ यार्ड. मिशिगनविरुद्धचा हा सलग चौथा पराभव होता. मुख्य प्रशिक्षक रायन डे यांना हाकलून द्यावे, अशी मागणी चाहत्यांतून उघडपणे झाली.

पुढच्या सात आठवड्यांत तोच संघ राष्ट्रीय विजेता झाला. टेनेसीविरुद्ध ४२-१७, ओरेगॉनविरुद्ध ४१-२१, टेक्ससविरुद्ध २८-१४ आणि २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटातील अंतिम सामन्यात नोत्र दामविरुद्ध ३४-२३. खेळाडू तेच होते आणि प्रशिक्षकही तेच. बदलला तो निर्णयाचा क्रम. टेनेसी आणि ओरेगॉनविरुद्ध आरंभापासून पासचा मारा झाला. ओरेगॉनविरुद्ध स्मिथने एकट्याने १८७ यार्ड मिळवले. टेक्ससने यावरून धडा घेऊन स्मिथभोवती दुहेरी पहारा बसवला. त्या सामन्यात त्याला एकच पास झेलता आला, तोही तीन यार्डांचा. पण पहाऱ्यासाठी माणसे तिकडे गेली की दुसरीकडे जागा रिकामी होतेच. क्विन्शॉन जडकिन्सने धावून दोन टचडाऊन केले आणि ट्रेव्हियन हेंडरसनने छोटा पास घेऊन ७५ यार्डांची मजल मारली.

अंतिम सामन्यात या विचाराला पूर्णत्व आले. पासची कीर्ती देशभर पसरवणाऱ्या नोत्र दामने पहिल्या चढाईत मात्र क्वार्टरबॅक रायली लेनर्डच्या पायांवर भिस्त ठेवली. १८ प्रयत्न, ७५ यार्ड, पावणेदहा मिनिटे आणि टचडाऊन. दिसायला हे दृश्य जबरदस्त होते, पण त्याची किंमत क्वार्टरबॅकच्या दमातून वसूल झाली. उलट ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड याने पहिले सलग १३ पास अचूक टाकले आणि संघाने पहिल्या चारही चढायांत टचडाऊन केले. बचाव मागे सरकला तेव्हा जडकिन्स ७० यार्ड धावला. अखेरीस नोत्र दामने अंतर आठ गुणांवर आणले असताना, तिसऱ्या प्रयत्नात ११ यार्ड हवे असताना, हॉवर्डने स्मिथकडे ५६ यार्डांचा पास टाकला. धावेत घड्याळ संपवण्याचा सुरक्षित मार्ग सर्वांना दिसत होता, म्हणूनच पास लागू पडला. सामना संपला तेव्हा ओहायो स्टेटच्या खात्यात पासचे २३१ आणि धावेचे २१४ यार्ड होते.

हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत. त्यावरून 'निम्मे धावा, निम्मे फेका' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो निष्कर्ष कार्यकारणभाव उलटा करतो. ओहायो स्टेटने समान वाटप ठरवून खेळ केला नाही. समोरच्याने जे मोकळे सोडले ते घेत गेल्यावर हे वाटप घडले. मिशिगनचा तो विजय याला पुरावा आहे. त्यांनी त्या दिवशी धावेतून १७२ आणि पासमधून फक्त ६२ यार्ड मिळवले. आकड्यांत समतोल नव्हता, पण विजय त्यांचा होता.

आकडेवारी वाचताना आणखी दोन सापळे टाळावे लागतात. पहिला म्हणजे आघाडीवर असलेला संघ उत्तरार्धात घड्याळ संपवण्यासाठी धावतो. त्यामुळे 'जास्त धावणारे जिंकतात' असे दिसते. प्रत्यक्षात जिंकत असलेले जास्त धावत असतात. दुसरा सापळा नोंदीचा आहे. महाविद्यालयीन सामन्यांत क्वार्टरबॅक चेंडू फेकण्याआधीच पकडला गेला, तर गमावलेले अंतर धावेच्या खात्यातून वजा होते. म्हणजे पासच्या अपयशाचे ओझे धावेवर पडते. हे ध्यानात न घेता काढलेली सरासरी दिशाभूल करते.

टोकाची उदाहरणेही हेच सांगतात. आर्मी हा सैनिकी अकादमीचा संघ जवळजवळ केवळ धावतो. त्याच २०२४ च्या हंगामात त्याने १२ सामने जिंकले आणि आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. तिथे दाखल होणाऱ्या मुलांना लष्करी सेवेची अट असते आणि अवाढव्य देहाचे खेळाडू मिळत नाहीत. म्हणून तो संघ एकाच चालीतून तीन वेगवेगळ्या धावपटूंची शक्यता दाखवून बचावाला गोंधळात टाकतो. याच्या दुसऱ्या टोकाला, डिसेंबर २०२२ मध्ये निधन झालेले माइक लीच हे प्रशिक्षक सामन्यामागून सामना पासच टाकत राहिले. धाव आणि पास यांचे प्रमाण समान असणे म्हणजे समतोल, हे त्यांना मान्य नव्हते. चेंडू हाताळू शकणाऱ्या प्रत्येकाकडून धोका निर्माण होणे, हा त्यांच्या लेखी समतोल होता. आर्मी आणि लीच परस्परविरुद्ध दिशेला उभे आहेत, पण दोघांचा हेतू एकच: पुढच्या क्षणी चेंडू कुठे जाईल, हे समोरच्याला कळू नये.

गोव्यातील वाचकाला हे तत्त्व नवे वाटू नये. फुटबॉल हा इथला राज्यक्रीडाप्रकार आहे. चेंडू पायाशी ठेवून तीन जणांना चकवणारा विंगर आणि वेळेवर पास देणारा मधल्या फळीतील खेळाडू यांपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद फातोर्ड्याच्या गॅलरीत पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. पास देऊ शकणाऱ्या विंगरलाच चकवायला जागा मिळते, हे त्या वादाचे उत्तरही गॅलरीला ठाऊक असते.

फ्लॅग फुटबॉलने हा समतोल नियमांतच ओवला आहे. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू, कमरेला लोंबणाऱ्या पट्ट्या, आणि प्रतिस्पर्ध्याला पाडण्याऐवजी त्याची पट्टी ओढायची. अंगाला अंग भिडवणे निषिद्ध. क्वार्टरबॅकला स्वतः चेंडू घेऊन रेषा ओलांडता येत नाही. मध्यरेषा आणि गोलरेषा यांच्या आधीच्या पाच यार्डांत धावण्यास मनाई असते, तिथे पासच टाकावा लागतो. म्हणजे केवळ धावणारा संघ उंबरठ्यावर येऊन अडकतो आणि केवळ पास टाकणारा संघ तिथे पोहोचण्याआधीच ओळखू येतो. लॉस एंजेलिसमध्ये पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत प्रत्येकी सहा संघ आणि प्रत्येक संघात दहा खेळाडू असतील.

सुरतेच्या किंवा गोव्याच्या एखाद्या महाविद्यालयाने उद्या पथक उभारायचे ठरवले, तर निवडीच्या वेळीच खरी कसोटी लागेल. क्रिकेट खेळलेली मुले-मुली अचूक फेकतात आणि उंच चेंडू झेलतात. कबड्डी आणि खो-खो खेळलेली मुले-मुली अंग चोरून निसटतात, क्षणात दिशा बदलतात. पट्टी ओढण्याच्या खेळात ही कला सोन्यासारखी आहे. पण दोन्हींचा सराव वेगवेगळा ठेवला आणि फेकणारे फेकत, धावणारे धावत राहिले, तर पथकाचा इरादा मैदानावर कोण उतरले यावरूनच ओळखता येईल. कबड्डीपटूला झेल शिकवणे आणि क्रिकेटपटूला हुलकावणी शिकवणे, हा यावरचा कमी खर्चाचा उपाय आहे. हेल्मेट आणि जाड कवचांचा खर्च या खेळात नाही, मोठे मैदान लागत नाही, आणि मुलींना पहिल्या दिवसापासून समान स्थान आहे. लहान राज्याला परवडणारा सांघिक ऑलिम्पिक खेळ म्हणून त्याचे महत्त्व इथे आहे.

सुविधांची उणीव ही सबबही आता पुरेशी नाही. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतील टेबल टेनिस आणि बॅडमिंटन सुरतेने सांभाळले. पुढच्याच वर्षी गोव्याने ४३ क्रीडाप्रकारांसह ३७व्या राष्ट्रीय स्पर्धा भरवल्या. त्या स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या मैदानांवर रोज सायंकाळी कोण खेळते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच विचारण्याजोगा आहे.

ओहायो स्टेटचा धडा म्हणून केवळ अमेरिकेपुरता राहत नाही. मिशिगनविरुद्ध त्या संघाकडे कौशल्य होते, पैसा होता, प्रेक्षक होते. 'आम्ही असेच खेळतो' या अभिमानाने त्याचा घात केला. नवा खेळ सुरू करणाऱ्यांना हा अभिमान अजून जडलेला नाही, आणि तेवढ्यापुरता नवखेपणा त्यांच्या पथ्यावर पडू शकतो. समोर काय मोकळे आहे, हे पाहून निर्णय घेण्याची सवय पहिल्या वर्षीच लागली, तर धाव आणि पास यांचे प्रमाण किती असावे, याचा हिशेब मैदानच मांडून देईल.