मोजणी चुकली की समुद्र वाढतो

आधी माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी लोणारचे सरोवर पाहून आमची सहल परत येत होती. बसमध्ये पंचेचाळीस विद्यार्थी होते. वाटेत चहासाठी थांबलो. निघताना मी पुढून मागे डोकी मोजत गेलो. पंचेचाळीस भरली. ड्रायव्हरला म्हटले, "चला भाऊ." आठ-दहा किलोमीटर गेल्यावर एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आपला एक जण गाडीत दिसत नाही." पाहतो तर खरेच! शेवटच्या बाकावर चादर पांघरून झोपलेल्या क्लीनरलाही मी विद्यार्थी समजून मोजले होते. गाडी वळवली. आमचा गडी हॉटेलासमोरच्या बाकड्यावर शांतपणे बसलेला होता. अर्ध्या तासात सारे निभावले.

ते का निभावले? मुलगा जिथे सोडला तिथेच बसून होता, म्हणून. पण त्याच्या पायाखालची जमीनच हळूहळू सरकत असती तर?

समुद्रात नेमके हेच होते. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळांच्या प्रदेशात पर्यटकांची एक बोट गेली होती. त्यांत एक अमेरिकन पतिपत्नी होते. पाठीला हवेच्या टाक्या बांधून ती दोघे पाण्यात उतरली. (या टाक्यांत शुद्ध प्राणवायू असतो असा पुष्कळांचा समज आहे. बहुतेक वेळा तीत आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते.) परतण्यापूर्वी बोटीवर डोकी मोजली गेली, पण मोजणी चुकली आणि बोट दोघांना सोडून किनाऱ्याला आली. चूक ध्यानात आली ती दोन दिवसांनी, बोटीवर त्यांच्या सामानाची पिशवी सापडली तेव्हा. मग विमाने उडाली, बोटी धावल्या. त्यांची काही साधने पुढे किनाऱ्याला लागली. ती दोघे मात्र कधीच सापडली नाहीत.

अशी बातमी वाचली की आपण म्हणतो, "समुद्र क्रूर आहे" किंवा "नशीब, दुसरे काय!" माझे म्हणणे वेगळे आहे. अशा बहुतेक प्रसंगांत पहिली चूक माणसाच्या हिशेबाची असते. समुद्र त्या चुकीला फक्त गुणत जातो. कसा, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहू.

पहिला प्रश्न असा की, उघड्या समुद्रावर ना झाड ना डोंगर, मग माणूस दिसत का नाही? पृथ्वी गोल असल्यामुळे आपल्या नजरेला क्षितिजाची मर्यादा आहे. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ ने गुणा. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. बोटीवरच्या माणसाचा डोळा पाण्यापासून ३ मीटर उंच असेल तर त्याचे क्षितिज सुमारे ६ किलोमीटरवर येते. पाण्यात तरंगणाऱ्याचा डोळा जेमतेम २० सेंटिमीटर वर असतो. त्याचे क्षितिज दीड किलोमीटरच्या थोडे पुढे संपते.

पण खरी अडचण क्षितिजाच्याही अलीकडे आहे. पाण्यावर माणसाचे फक्त डोके दिसते. त्याची रुंदी २५ सेंटिमीटर धरा. एक किलोमीटरवरून ते एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षाही थोडे लहान दिसेल, आणि निरोगी डोळ्याला बारकावा ओळखण्याची मर्यादा साधारण तेवढीच आहे. घरी प्रयोग करून पाहा. खसखशीचा एक दाणा ठेवा आणि चार मीटर दूर उभे राहा. किलोमीटरवरचे डोके एवढेच दिसते. त्यात अर्धा-एक मीटरच्या लाटा ते डोके क्षणोक्षणी झाकतात आणि पाण्यावर चमकणारे ऊन डोळे दिपवते. म्हणजे तरंगणाऱ्याला बोट दिसत असते, पण बोटीवरच्यांना तो दिसत नाही.

दुसरा प्रश्न वाहून जाण्याचा. समुद्राचा प्रवाह ताशी २ किलोमीटर धरू. हा वेग रमतगमत चालणाऱ्या माणसाहूनही कमी आहे. पण पाठीवर टाकी आणि पायांत वल्ह्यांसारखे पंखे असलेला पाणबुड्या एवढ्याशा प्रवाहाविरुद्धही फार वेळ पोहू शकत नाही. आता, तो कोणत्या दिशेला गेला हे ठाऊक नाही असे समजा. एका तासाने तो २ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेतरी असेल. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस किलोमीटर. तीन तासांनी त्रिज्या ६ किलोमीटर, क्षेत्रफळ ११३. सहा तासांनी ४५२. वेळ दुप्पट झाला की क्षेत्र चौपट होते, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि दोन दिवसांनी? सुमारे २९,००० चौरस किलोमीटर! आपला सबंध यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजारांच्या आसपास आहे. म्हणजे दोन यवतमाळ जिल्ह्यांएवढ्या पाण्यात खसखशीचा दाणा शोधायचा.

प्रत्यक्षात शोध घेणाऱ्यांना भरती-ओहोटी, वारा आणि प्रवाह यांची माहिती असते. भरतीने नेलेले ओहोटी काही वेळा परत आणते. त्यामुळे खरे क्षेत्र यापेक्षा लहान असू शकते. पण वाढीची तऱ्हा बदलत नाही. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीसपट चांगले उष्णतावाहक आहे. त्यामुळे कोमट वाटणारा समुद्रही शरीराची उष्णता हळूहळू काढून घेतो. तहान आणि थकवा आहेतच. एकीकडे शोधायचे क्षेत्र वाढते, दुसरीकडे माणसाची शक्ती घटते. म्हणून पहिला तास सर्वांत मोलाचा.

एप्रिल २०२२ मध्ये मलेशियाच्या मर्सिंग किनाऱ्याजवळ चार पाणबुडे वर आले तेव्हा त्यांची बोट तेथे नव्हती. एक जण दुसऱ्या दिवशी सापडली, दोघे सुमारे अडीच दिवसांनी. चौथा चौदा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वर्गात शोभला असता. तो वाचला नाही.

आता याच्या शेजारी आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रातील एक घटना ठेवा. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळात मुंबईजवळच्या हिरा तेलक्षेत्रात 'पी-३०५' या तराफ्याचे नांगर सुटले. तो भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. अंगात जीवनरक्षक जाकिटे घालून माणसे रात्री खवळलेल्या समुद्रात उतरली. नौदलाच्या 'कोची', 'कोलकाता' इत्यादी जहाजांनी त्या तराफ्यावरच्या १८६ जणांना वाचवले. ७५ जण गेले. काहींचे देह रायगडच्या, तर काहींचे थेट गुजरातेतील वलसाडच्या किनाऱ्याला लागले. पाणी माणसाला कुठे नेते याची कल्पना यावरून येईल. वादळात तराफा तेथे का राहिला, हा प्रश्न गंभीरच आहे. पण मला दाखवायची आहे ती दुसरी गोष्ट. एवढ्या वादळातही १८६ जण वाचले, कारण माणसे कुठे आहेत, किती आहेत आणि केव्हापासून संकटात आहेत हे ठाऊक होते. ऑस्ट्रेलियातील ती दोघे पर्यटकांच्या नेहमीच्या सहलीच्या दिवशी गेली, कारण ती हरवली आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हते.

म्हणून मी म्हणतो की समुद्रावरचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठे सुरक्षासाधन म्हणजे नावांची यादी आणि पेन्सिल. ऑस्ट्रेलियातील घटनेनंतर तेथील क्वीन्सलँड राज्यात मोजणीचे नियम कडक करण्यात आले. नुसती डोकी मोजू नयेत. हालणारी माणसे दोनदा मोजली जातात, झोपलेला क्लीनर विद्यार्थी होतो. नाव पुकारावे, त्या माणसाने स्वतः 'हजर' म्हणावे, खूण करावी, आणि दुसऱ्या व्यक्तीने हेच स्वतंत्रपणे पुन्हा करावे. दोन्ही उत्तरे जुळल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये. भूमिगत कोळसा खाणींत कामगाराला क्रमांकाचा दिवा देण्याची पद्धत आहे. पाळी संपल्यावर एखादा दिवा परत आला नाही, तर कोणीतरी खालीच आहे हे लगेच कळते. किती साधी, पण किती शास्त्रीय युक्ती!

"एवढी कटकट कशाला? इतकी वर्षे काही झाले नाही," असे म्हणणारे भेटतील. ते खोटे बोलत नसतात. चुकीची मोजणीही बहुतेक वेळा निभावून जाते, जशी माझी गेली. पण निभावून गेले म्हणजे पद्धत बरोबर होती असे सिद्ध होत नाही.

पाणबुड्याच्या हातीही काही गोष्टी असतात. दीड मीटर लांबीची, भडक रंगाची, हवा भरून उभी राहणारी नळी जवळ असली तर तो डोक्याच्या सहापट मोठा दिसतो. शिट्टी आणि लहानसा आरसा खिशात मावतात. प्रवाहाशी झुंजून शक्ती घालवू नये, सर्वांनी एकत्र राहावे. मात्र ही साधने उपयोगी पडायची तर शोधायला कोणीतरी निघालेले असले पाहिजे.

आमच्या बोरी अरबपासून समुद्र पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. मग हे सारे आपल्याला कशाला, असे वाटेल. पण हल्ली विदर्भातल्या शाळांच्या सहलीही कोकणात जातात, आणि मालवण-तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेतात. तेथेच २४ मे २०२२ रोजी परतणारी एक बोट उलटून दोन पर्यटक मृत्युमुखी पडले. समुद्राला घाबरून घरी बसा असे मी म्हणणार नाही. प्रवाळ आणि मासे अवश्य पाहा. पण बोटीत चढण्यापूर्वी विचारा: यादी कोणाजवळ आहे? मोजणार कोण? पुन्हा मोजणार कोण? अंगात जाकीट घातल्याशिवाय बोट सुटणार नाही ना? शिक्षक बंधुभगिनींना विनंती की, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आगाऊ म्हणू नये.

आणि अडाण नदीवर पोहायला जाणाऱ्या मित्रांनाही हेच सांगायचे आहे. पाच जण गेलात तर पाच जण परत आलात का, हे नावानिशी पाहा. एखादा दिसला नाही तर "येईल मागून" म्हणू नका, लगेच हाक मारा, लगेच मोठ्यांना बोलवा. तो झाडाखाली बसलेला निघाला तर लोक हसतील. हसू द्या. त्या दिवशी बसमध्ये उठून उभा राहिलेला मुलगाही आधी थोडा कचरलाच होता. तो उठला, म्हणून माझी चूक आठ-दहा किलोमीटरांवर थांबली.